साथ आणि शिधा



बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यात हिवरा आश्रम नावाचे गाव आहे. तेथील विवेकानंद आश्रमात जयंतीच्या उत्सवाला पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद होतो व अफाट पंगत बसते. त्या एका पानामागे किती हात असतात, याचा विचार करावा. गहू पिकविणारा शेतकरी, वांगी तोडणारी मजूरीण, माल आणणारा गाडीवाला, पुऱ्या तळणारे आणि वाढपी यांपैकी एक जरी खंडला, तरी पान रिकामे राहते. महामारी या साखळीवरच घाव घालते. मात्र प्रत्येक वेळी ती एकाच ठिकाणी तुटते असे नव्हे.

१९१८ साली ती शेतातच तुटली. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. त्यातच, खरिपाची कापणी आणि रब्बीची पेरणी यांच्या ऐन हंगामात मानमोडीची, म्हणजे इन्फ्ल्युएंझाची, दुसरी लाट आली. या तापाने विशेषेकरून वीस ते चाळीस वर्षांची धडधाकट माणसे नेली, म्हणजे नांगर धरणारे आणि विळा चालविणारे हातच गेले. मध्यप्रांत व वऱ्हाड हे देशातील सर्वांत पोळलेल्या भागांपैकी होते, आणि आपला बुलढाणा वऱ्हाडातलाच. धान्य आधीच थोडे. जे उभे होते, ते कापावयास माणूस नव्हते. भाव चढले, आणि उपाशी देहाला ताप अधिकच जड गेला.

२०२० साली चित्र अगदी उलटे होते. अन्न महामंडळाच्या कोठारांत नियत साठ्याच्या दुपटीहून अधिक धान्य होते. तथापि २५ मार्चला टाळेबंदी झाली आणि साखळी रस्त्यावर तुटली. शेतीच्या कामांस दोनतीन दिवसांतच सूट मिळाली. परंतु हॉटेले व आठवडी बाजार बंद, वाहने अडलेली. विदर्भात कापूस घरात पडून राहिला, भाजी मळ्यात सडली, दूध उरले. मे महिन्यात वाशीचा घाऊक बाजारही आठवडाभर बंद ठेवावा लागला. मळ्यात भाजीला मोल नाही आणि शहरात भाजी नाही, असा विपरीत प्रकार झाला.

सर्वांत मोठी हानी मजुरांची झाली. सरकारने माणशी पाच किलो धान्य मोफत दिले, हे खरे. पण शिधापत्रिका गावी आणि पोट मुंबईला, अशी ज्यांची अवस्था होती, त्यांच्या हाती ते धान्य कसे पडावे? राज्याच्या शिवभोजन केंद्रांनी पाच रुपयांत थाळी दिली, तिने पुष्कळांची भूक भागविली. कारण ती थाळी पत्रिका मागत नव्हती.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. अन्न पिकणे आणि अन्न पोहोचणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कोठार भरले म्हणजे देश जेवला, असे समजू नये. तालुक्यागणिक लहान गोदामे, शहराभोवती भाजीचे मळे, मळेकऱ्याकडून थेट खरेदी आणि माणसाबरोबर चालणारा शिध्याचा हक्क, ही तजवीज साथ येण्यापूर्वीच व्हावयास हवी. साथ दारात आल्यावर ती जमत नाही.

आणि आपण शहरातील गृहस्थांनी काय करावे? संकटाची पहिली वार्ता येताच चार महिन्यांचा किराणा उचलू नये. आपल्या फडताळात पडून राहणारे जादा पोते बहुधा रोजच्या मजुरीवर रोजचे पीठ घेणाऱ्याच्या वाट्याचे असते. दुकान आपल्यानंतर येणाऱ्याचेही आहे, एवढे स्मरण ठेवले तरी साखळीचा एक दुवा आपल्या हातून शाबूत राहील.