चंद्रावर उतरलेले यान : साधेपणाचे सामर्थ्य

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त शिक्षक व पंचायत सदस्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कला शाखेचा पदवीधर. निवेदने लिहिणे हा माझा नित्याचा व्यवसाय. तेव्हा अंतराळयानाविषयी बोलण्याचा याला अधिकार कोणता, असा प्रश्न आपल्या मनात आल्यास तो रास्तच आहे. परंतु या विषयाकडे मी वळलो, तो एका निवेदनामुळेच.

जुलै १९६९ मध्ये नील आर्मस्ट्राँग आणि एडविन ऑल्ड्रिन चंद्राच्या वाटेवर असताना, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे भाषणलेखक विल्यम सफायर यांनी एक छोटेसे निवेदन लिहून ठेवले होते. हे दोघे चंद्रावर अडकून पडले, तर राष्ट्राध्यक्षांनी ते देशाला वाचून दाखवावयाचे होते. ते वाचण्याची वेळ कधीच आली नाही. ती का आली नाही, हे आज आपणांस सांगावयाचे आहे.

चंद्रावर एकच अवजड यान उतरवावे आणि तेच परत आणावे, असा एक विचार प्रारंभी होता. त्यासाठी लागणारा अग्निबाण अतिप्रचंड झाला असता. जॉन हूबोल्ट या अभियंत्याने निराळ्या मार्गाचा चिकाटीने आग्रह धरला : मुख्य यान चंद्राभोवती फिरत राहावे आणि एका लहान यानाने खाली उतरून परत यावे. १९६२ मध्ये हा मार्ग मान्य झाला आणि त्याच वर्षी न्यू यॉर्क राज्यातील ग्रमन कंपनीकडे या लहान यानाचे काम सोपविण्यात आले. त्याचे नाव ल्युनर मोड्यूल. थॉमस केली हे त्याचे प्रमुख अभियंते.

हे यान दिसावयास मुळीच देखणे नव्हते. चंद्रावर हवा नाही. त्यामुळे हवा कापण्यासाठी निमुळता आकार नको होता. चार पायांवर उभे असलेले हे सुमारे सात मीटर उंचीचे, वेडेवाकडे यंत्र कोळ्यासारखे दिसे. मार्च १९६९ मध्ये अपोलो-९ च्या अंतराळवीरांनी आपल्या यानाचे नावही ‘स्पायडर’, म्हणजे कोळी, असेच ठेवले होते. वजन कमी करण्यासाठी प्रत्येक वस्तूची झडती घेण्यात आली. आसने काढून टाकली. अंतराळवीर उभ्यानेच यान चालवीत. उभे राहिल्याने डोळे खिडकीजवळ आले, म्हणून खिडक्याही लहान करता आल्या. कक्षाची भिंत काही ठिकाणी जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर जाडीची होती.

यानाचे दोन भाग होते. खालच्या भागात उतरण्याचे इंजिन, वरच्या भागात अंतराळवीरांचा कक्ष व परतीचे इंजिन. परतताना खालचा भाग तेथेच सोडावयाचा आणि त्यालाच उड्डाणाचा ओटा करावयाचा, अशी योजना होती. सारी भिस्त त्या परतीच्या इंजिनावर. दुसरे इंजिन नव्हते.

मग त्याची विश्वसनीयता कशी साधली? अधिक यंत्रणा जोडून नव्हे, तर शक्य तेवढी वगळून. इंधन व त्यास जाळणारे द्रव असे निवडले, की एकमेकांस भेटताच ते आपोआप पेट घेत; ठिणगी पाडणारी यंत्रणाच नको. हेलियम वायूच्या दाबाने ते पुढे ढकलले जात, पंपही नको. इंजिनाचा जोर कमीजास्त करण्याची वा त्याचे तोंड वळविण्याची सोय मुद्दामच ठेवली नाही. झडपा तेवढ्या उघडावयाच्या होत्या, आणि त्यांना मात्र पर्यायी झडपा होत्या. जेथे खर्च करावयाचा, तेथे हात आखडला नाही.

तरीही कसोटीचा क्षण आलाच. चंद्रभूमीवरून कक्षात परतल्यावर, इंजिन सज्ज करणाऱ्या खटक्याचे टोक तुटल्याचे ऑल्ड्रिन यांच्या लक्षात आले. त्यांनी खिशातील लिहिण्याच्या पेनाने तो आत दाबला. भारतीय वेळेनुसार २१ जुलैच्या रात्री ११ वाजून २४ मिनिटांनी ‘ईगल’चा वरचा भाग चंद्रावरून उठला आणि वर एकट्याने वाट पाहणाऱ्या मायकेल कॉलिन्स यांच्या यानाला जाऊन मिळाला.

पुढील एप्रिलमध्ये, १९७० साली, अपोलो-१३ च्या मुख्य यानात प्राणवायूच्या टाकीचा स्फोट झाला. चंद्रावर उतरणे रद्द झाले. परंतु दोघांसाठी सुमारे दोन दिवसांच्या बेताने बांधलेल्या याच यानाने तिघांना सुमारे चार दिवस जगविले. उतरण्यासाठीच्या इंजिनाने परतीचा मार्ग दुरुस्त केला. मुख्य यानातील हवा शुद्ध करणारे चौकोनी डबे या यानाच्या गोल जागेत बसेनात, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशव्या, पुठ्ठा व चिकटपट्टी यांनी ते जोडण्यात आले. तिघेही सुखरूप परतले.

१९६९ ते १९७२ या काळात सहा वेळा ही याने चंद्रावर उतरली. बारा माणसे तेथे चालली आणि बाराही जण परत आले. सहाही वेळा ते इंजिन पेटले.

मित्रहो, आपणा सर्वांच्या हातून योजना आखल्या जातात. एखादी योजना कागदावर जितकी भारदस्त, तितकी ती चांगली, असा समज आपल्यात रूढ आहे. गावच्या नळयोजनेचा आराखडा असो वा शाळेच्या प्रयोगशाळेचा, त्यात आणखी काय घालता येईल हे आपण विचारतो; काय वगळता येईल आणि कोणत्या एका ठिकाणी चूक परवडणार नाही, हे क्वचितच विचारतो. त्या अभियंत्यांनी ते वर्षानुवर्षे विचारले.

त्या यानांचे सहा खालचे भाग आजही चंद्रावर उभे आहेत. आणि सफायर यांचे ते निवेदन न वाचताच दप्तरी राहिले. निवेदने लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला याहून मोठे समाधान ते कोणते?