तेवीस गोष्टी आणि एक तास



 अनुदान, वेतनश्रेणी आणि रिक्त पदे यांवरचे ठराव जिल्ह्यातल्या ग्रंथपालांच्या या संमेलनात दुपारच्या सत्रात येणार आहेत आणि ते माझ्यापेक्षा जास्त तळमळीने मांडणारे लोक इथे बसले आहेत. त्यामुळे त्या विषयांना मी हात लावत नाही. मला बोलायचे आहे ते आपल्या शिकण्याबद्दल. नोकरीत असताना, पगाराच्या वेळेत, माणसाने नवे काही शिकावे कसे, याबद्दल.

आपल्याकडे शिकण्याचा एक ठरलेला साचा आहे. त्याचे नाव एकदिवसीय कार्यशाळा. दीपप्रज्वलन, सत्कार, मग एक तज्ज्ञ पडद्यावर चित्रे दाखवत भराभर पुढे जातात. मागच्या रांगांना पडदा दिसत नाही. जेवणानंतर अर्धे सभागृह पेंगते. संध्याकाळी प्रमाणपत्र मिळते, ते तपासणीच्या फाईलमध्ये लागते, आणि दुसऱ्या दिवशी आपण पुन्हा देवघेवीच्या टेबलावर बसतो. संगणकाला हात कुणी लावला? तज्ज्ञांनी.

२००६ साली अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात, शार्लट शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयाने हा साचा मोडला. तिथे तंत्रज्ञानाची जबाबदारी हेलीन ब्लोअर्स नावाच्या बाई सांभाळत होत्या. त्या काळात इंटरनेटवर फुकट साधनांचा नुसता पूर आला होता. ब्लॉग, फोटो ठेवायचे फ्लिकर, बातम्या एकत्र वाचायचे ब्लॉगलाइन्स, आवडत्या संकेतस्थळांच्या खुणा साठवायचे डेलिशस, विकी, पॉडकास्ट, नुकतेच सुरू झालेले यूट्यूब. वाचक हे सगळे वापरू लागले होते आणि टेबलापलीकडच्या कर्मचाऱ्यांना त्यांची नावेही धड माहीत नव्हती. स्टीफन अ‍ॅब्रम या ग्रंथालय क्षेत्रातल्या जाणत्या गृहस्थांनी त्याच वर्षी, या वर्षात करून पाहाव्यात अशा त्रेचाळीस गोष्टींची यादी एका लेखात दिली होती. ब्लोअर्सबाईंनी तिच्यावरून आपली तेवीस गोष्टींची यादी केली आणि कर्मचाऱ्यांपुढे ठेवली. मुदत नऊ आठवडे. वर्ग नाही, व्याख्यान नाही, परीक्षा नाही. प्रत्येकाने स्वतःचा ब्लॉग उघडायचा, एकेक साधन हाताळून पाहायचे आणि काय जमले, काय डोक्यावरून गेले, ते चार ओळींत तिथे लिहायचे. अडले तर शेजारच्याला विचारायचे.

या योजनेत दोन बारीक तरतुदी होत्या आणि माझ्या मते सगळे यश त्यांच्यात आहे. पहिली अशी, की ब्लॉग टोपणनावाने लिहायला मुभा होती. पंचवीस वर्षे नोकरी झालेल्या माणसाला ‘मला हे कळत नाही’ असे साहेबांच्या देखत म्हणवत नाही. टोपणनावाच्या आडून तो सहज म्हणतो. दुसरी तरतूद बक्षिसाची. तेवीस गोष्टी पूर्ण करील त्या प्रत्येकाला गाणी ऐकायचा एक छोटा एमपीथ्री प्लेअर, आणि सोडतीत एक लॅपटॉप. त्या काळी एमपीथ्री प्लेअर ही हौसेची वस्तू होती. शिवाय ती स्वतःच एक शिकण्याची वस्तू होती, कारण पॉडकास्ट तिच्यावर ऐकता येत. आपण शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ देतो. पुष्पगुच्छातून पुढे काही शिकायची सोय नाही.

ब्लोअर्सबाईंनी हा अभ्यासक्रम मुक्त परवान्यावर सर्वांना खुला केला. ज्याला हवा त्याने घ्यावा, आपल्या गरजेप्रमाणे बदलावा. मेलबर्नच्या यारा प्लेंटी ग्रंथालयाने तो लगेच उचलला. मिनेसोटात त्याची वेगळी आवृत्ती निघाली. नेदरलँड्समध्ये तो डच भाषेत गेला. २०१० मध्ये ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन्ही विद्यापीठांच्या ग्रंथालयांनी आपापल्या तेवीस गोष्टी केल्या. पुढच्या वर्षी तर कुठल्याही देशातल्या ग्रंथपालाला घरबसल्या सामील होता येईल असा उपक्रम निघाला. एका शहराच्या ग्रंथालयातली कल्पना पाच वर्षांत जगभर फिरली, आणि तिच्यावर कुणाचे स्वामित्वशुल्क नव्हते.

आता दुसरी बाजू. त्या यादीतली साधने आज शोधायला गेलात तर निम्मी स्मशानात सापडतील. ब्लॉगलाइन्स गेले. त्याच्या जागी लोक गूगल रीडरकडे वळले, तर १ जुलै २०१३ रोजी गूगलने तेही बंद केले. डेलिशस या हातातून त्या हातात विकले जात शेवटी निपचित पडले. आपल्या ओळखीचे ऑर्कुट हे समाजमाध्यम सप्टेंबर २०१४ अखेर बंद झाले आणि आपल्यापैकी अनेकांचे तारुण्यातले फोटो त्याबरोबर गेले. फ्लिकर जिवंत आहे, पण २०१९ पासून फुकट खात्यात एक हजारापेक्षा जास्त फोटो ठेवता येत नाहीत. उलटही घडते. घरचा पुस्तकसंग्रह नोंदवायचे लायब्ररीथिंग हे संकेतस्थळ पूर्वी दोनशे पुस्तकांपर्यंतच फुकट होते, २०२० मध्ये ते सर्वांना पूर्ण मोफत झाले. म्हणजे फुकट साधनाचा स्वभाव मालकाच्या मर्जीवर असतो. ती मर्जी कधी आपल्या बाजूने फिरते, कधी विरुद्ध.

मग शार्लटच्या लोकांनी नऊ आठवडे वाया घालवले का? अजिबात नाही. ज्या बाईने त्या वर्षी चाचपडत ब्लॉगलाइन्स उघडले, तिला पुढचे साधन उघडताना तितकी भीती वाटली नसणार. अनोळखी पडद्यासमोर बसून, हे बटण दाबले तर काय होईल, बघू तरी, असे म्हणण्याची सवय तिला लागली. ती सवय कुठल्या कंपनीला बंद करता येत नाही. पण माझी त्या मूळ यादीबद्दल एक तक्रार आहेच. तिच्यात आत शिरायचे बरेच शिकवले होते, बाहेर पडण्याचा सराव पुरेसा नव्हता. आपण यादी केली तर तिच्यातली एक गोष्ट सक्तीची असावी: जे साधन वापराल त्यातून आपली सगळी माहिती परत आपल्या संगणकावर उतरवून दाखवा. उतरत नसेल, तर त्या साधनात ग्रंथालयाची एकही नोंद ठेवू नका.

इथे मोफत आणि मुक्त यांतला फरक नीट समजून घ्यायला हवा. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ ग्रंथालयाची जुनी संगणकप्रणाली सन २००० च्या तारखा पेलणार नव्हती. नवी विकत घ्यायची तर खर्च झेपेना. त्यांनी एका स्थानिक कंपनीकडून नवी प्रणाली लिहून घेतली, जानेवारी २००० मध्ये ती चालू केली आणि तिची संहिता जगाला देऊन टाकली. तीच आपली कोहा. आज आपल्याकडच्या कितीतरी महाविद्यालयांत ती चालते. कोहा बनवणारे उद्या निघून गेले तरी तुमच्या संगणकावरची कोहा तुमच्याकडेच राहते. ऑनलाइन फुकट खात्याबद्दल असे म्हणता येत नाही.

आता आपल्या घरात येऊ. महाराष्ट्राच्या १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली ग्रंथालये राज्यात हजारोंनी आहेत. त्यातल्या ‘क’ आणि ‘ड’ या छोट्या वर्गांत ग्रंथपाल, लिपिक आणि झाडलोट करणारा ही बहुधा एकच व्यक्ती असते. तिला शार्लटची यादी देऊन उपयोग नाही. तिची यादी तिच्या कपाटांतून निघाली पाहिजे.

उदाहरणार्थ, दाखल नोंदवही. बऱ्याच ग्रंथालयांनी ती वीस वर्षांपूर्वी संगणकावर चढवली, पण त्या वेळच्या मराठी फाँटमध्ये. त्या फाँटमध्ये अक्षर मराठी दिसायचे, आत साठवलेले असायचे इंग्रजी चिन्ह. फाँट नसलेल्या संगणकावर ती फाईल उघडली की नुसता इंग्रजी गिचमिडा. तेव्हा पहिली गोष्ट युनिकोड टंकलेखन, आणि त्यातही इनस्क्रिप्ट कळफलक. दुसरी, शंभर पुस्तकांची यादी ऑनलाइन तक्त्यात भरायची आणि मग शोधायची. एकाने ‘पु. ल. देशपांडे’ लिहिले, दुसऱ्याने ‘पु.ल.’ आणि तिसऱ्याने ‘देशपांडे पु. ल.’, की शोध घेताना तीन लेखक होतात. लेखकनामांच्या नोंदीचे नियम आपण पदविकेला पाठ केले होते. ते कशासाठी होते, हे तो तक्ता पाच मिनिटांत शिकवतो.

मला सगळ्यात आवडणारी गोष्ट विकिस्रोताची. मराठी विकिस्रोतावर प्रताधिकार संपलेली जुनी पुस्तके पानापानाने चढवली जातात. एका बाजूला छापील पानाचे चित्र, दुसऱ्या बाजूला मजकूर. एकाने पान ताडून दुरुस्त केले की त्याचा रंग पिवळा होतो. दुसऱ्या कुणीतरी ते पुन्हा ताडले की हिरवा. एकाच माणसाला स्वतःचे पान हिरवे करता येत नाही. मुद्रितशोधनाची इतकी साधी आणि इतकी प्रामाणिक व्यवस्था मी पगारी कचेऱ्यांतही क्वचित पाहिली आहे. शेजारच्या दोन गावांच्या ग्रंथपालांनी ठरवले, एकीने पिवळे करायचे आणि दुसरीने हिरवे, तर वर्षाअखेरीस त्यांच्या तालुक्यातल्या एखाद्या विस्मृत लेखकाचे आख्खे पुस्तक जगाला शोधता येईल अशा रूपात उभे राहील. यासाठी खात्याची परवानगी लागत नाही. पुस्तकाचे प्रताधिकार संपले आहेत का, एवढे आधी पाहायचे. आपल्या कायद्यात ते लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतात.

ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशावर आपले ग्रंथालय नोंदवून त्याच्या वेळा घालणे, हे अर्ध्या तासाचे काम. त्यावर अधिक बोलत नाही.

आणि कृत्रिम बुद्धिमत्ता. तिच्याशिवाय हल्ली भाषण पूर्ण होत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, तेव्हापासून तिच्यावर व्याख्याने ऐकून आपण थकलो. माझी सूचना अशी: व्याख्यान ऐकू नका, तिला तुमच्या तालुक्यातल्या एका लेखकाची ग्रंथसूची विचारा आणि उत्तर हातात घेऊन कपाटाशी जा. यादीतली काही पुस्तके सापडतील. काही अशी असतील, जी त्या लेखकाने कधी लिहिलीच नाहीत, पण नावे मात्र अगदी त्याचीच वाटावीत. ती कोणती, हे तुमच्याशिवाय कोण सांगणार? आपल्या धंद्याची किंमत त्या कपाटासमोर उभे राहिल्यावर कळते. एक पथ्य मात्र पाळा. वाचकांची नावे, फोन नंबर, कोणी काय वाचायला नेले, यातले काहीही अशा साधनांत घालू नका. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा आहेच, पण तो नसता तरी वाचक काय वाचतो ही त्याची खासगी बाब आहे.

काही जण म्हणतील, हे घरी मोबाईलवर करा की, कामाची वेळ कशाला? मला हे मुळीच मान्य नाही. घरी ग्रंथपाल बाईला स्वयंपाक आहे, मुलांचा अभ्यास आहे, आणि आपल्या संस्था जे मानधन देतात त्यात तिच्या रात्रीही विकत घेतल्याचा समज कुणी करून घेऊ नये. शिकणे कामासाठी असेल तर ते कामाच्या वेळेत झाले पाहिजे. आठवड्यातला एक तास, वाचक कमी असतात त्या दुपारचा, वाचनकक्ष उघडा ठेवूनही काढता येतो. त्या तासात काही बिघडले तर बिघडू द्या. आणि कृपा करून त्याचा मासिक प्रगती अहवाल मागू नका. अहवाल मागितला की माणूस शिकणे सोडून अहवाल लिहायला शिकतो.

इथे जमलेल्या कार्यवाहांना आणि अध्यक्षांना माझी शेवटची विनंती. तुमच्यापैकी काहींच्या ग्रंथालयातला संगणक कुलूपबंद खोलीत आहे आणि त्याचा पासवर्ड तुमच्या खिशात आहे. येत्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर तीन ओळींचा ठराव घ्या: पासवर्ड ग्रंथपालाकडे द्यावा, इंटरनेटचे बिल संस्थेने भरावे, आणि आठवड्यातला एक तास तिच्या शिकण्यासाठी राखून ठेवावा. ठरावाला सूचक आणि अनुमोदक मिळवण्याची जबाबदारी तुमची. कोणत्या गोष्टींनी सुरुवात करायची, ते तिचे तिला ठरवू द्या.