बाळ बाटली घेत नाही, मग कामावर जायचं कसं?

बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब मिटला की आम्हा बायकांच्या खऱ्या गोष्टी सुरू होतात. त्यात एक प्रश्न दर हंगामाला येतोच. बाळ चार महिन्यांचं झालंय, कामावर जायलाच हवं, पण ते अंगाशिवाय काही तोंडात घेत नाही. नोकरदार बाईला कायद्याने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. खुरपणीला जाणारीला कुठली रजा? मग घरात पावडरचा डबा येतो. तो महाग, म्हणून पुरवायला पाणी जास्त घातलं जातं आणि बाळ रोडावतं.

पहिले सहा महिने बाळाला आईचंच दूध हवं, वरचं पाणीसुद्धा नको. आई कामावर गेली तरी तिचं दूध घरी ठेवता येतं. हात साबणाने धुवायचे, उकळून घेतलेल्या स्टीलच्या भांड्यात दूध हाताने काढायचं आणि झाकून सावलीत, गार जागी ठेवायचं. चार तासांच्या आत ते संपवावं, कडक उन्हाळ्यात त्याहून लवकर. फ्रीज असेल तर आत मागच्या बाजूला ठेवावं, दारात नको. तिथे ते एक दिवस टिकतं. पाजताना भांडं कोमट पाण्यात धरायचं. गॅसवर तापवायचं नाही.

आता पाजायचं कशाने? आमचा पहिला सल्ला वाटी-चमच्याचा. आपल्या आज्या बोंडल्याने पाजायच्या, तेही चालतं. बाटलीच्या निप्पलच्या कोपऱ्यात दूध अडकतं, त्यातून जुलाब होतात. बाटल्यांची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, ती उगाच नाही. तरीही काही घरांत बाटलीशिवाय सोय होत नाही. तिथे बाटली, निप्पल, झाकण सुटं करून ब्रशने घासावं आणि दर वेळी दहा मिनिटं पाण्यात बुडवून उकळावं.

बाळाला सवय लागायला वेळ लागतो. कामावर जायच्या दोन-तीन आठवडे आधी सुरुवात करा, आदल्या दिवशी नको. दिवसातून एकदाच, तेही थोडंसं. पाजायला आजी, आत्या किंवा बाळाचे वडील बसू देत. आईने दुसऱ्या खोलीत जावं, कारण तिचा वास आला की बाळ अंगच शोधतं. बाळ भुकेने रडून लाल झाल्यावर प्रयत्न करू नका. भूक नुकतीच लागलेली असताना, मूड चांगला असताना करा. मांडीवर त्याला जरा उभं धरा. निप्पल ओठांना लावून दुधाचा एक थेंब चाखू द्या, तोंड त्याने आपणहून उघडू दे. बाटली आडवी धरली की दूध हळू येतं आणि बाळाला ठसका लागत नाही. वाटी असेल तर ती खालच्या ओठाला टेकवा, दूध तोंडात ओतू नका. त्याने मान फिरवली की थांबा, उद्या पुन्हा. नाक दाबून, जबरदस्तीने पाजलं तर बाळ बाटली पाहूनच रडायला लागतं. निप्पलला मध लावायचा नाही. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातक ठरू शकतो.

काही बाळं दिवसभर थोडंच पितात आणि आई घरी आली की रात्रभर अंगावर पितात. घाबरू नका. चोवीस तासांत सहा तरी लंगोट ओले होत असतील आणि वजन वाढत असेल, तर पोट भरतंय. लघवी कमी झाली, बाळ मलूल पडलं किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

सासूबाईंनो, हे शेवटचं तुमच्यासाठी. सून कामावर जाते ती घरासाठीच. ते पंधरा दिवस वाटी-चमचा तुम्ही हातात घेतलात, तर तिचा रोज बुडणार नाही आणि नातवाचं आईचं दूधही तुटणार नाही. अडलं तर आपल्या आशाताईंना किंवा अंगणवाडीताईंना विचारा.