शोधाचा परवाना आणि मतदारांचा कौल



क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या सातपट आणि लोकसंख्येने एखाद्या तालुक्याच्या गावाएवढा, जेमतेम ५७ हजार वस्तीचा, असा ग्रीनलँड हा प्रदेश आहे. डेन्मार्कच्या राज्यात राहून स्वशासन चालविणाऱ्या या लोकांपुढे एका खाण कंपनीने नुकसानभरपाईचा जो आकडा मांडला, तो साडेअकरा अब्ज डॉलरपर्यंत जाणारा होता. त्यांच्या वार्षिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या तिपटीहून तो अधिक भरतो. तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत माणशी वाटला तर सुमारे २ लाख डॉलर! कंपनीची बांधून झालेली खाण कोणी जप्त केली, चालता कारखाना कोणी ताब्यात घेतला, असे काही घडलेले नाही. खाण सुरूच झालेली नव्हती. कंपनीजवळ होता तो शोध घेण्याचा परवाना. या परवान्यातून खाण काढण्याचा हक्क आपोआप उत्पन्न होतो काय, एवढाच या वादाचा गाभा आहे.

दक्षिण ग्रीनलँडमधील नार्साक हे सुमारे तेराशे वस्तीचे गाव. तेथून काही किलोमीटरवर कुआनर्सुइट नावाचा डोंगर आहे. डेन्मार्कचे लोक त्याला क्वानेफील्ड म्हणतात. दोन्ही नावांचा अर्थ एकच. तिथे उगवणाऱ्या एका सुगंधी खाद्य वनस्पतीवरून ती पडली आहेत. या डोंगरात दुर्मिळ मृदाधातू आहेत, थोरियम आहे आणि युरेनियमही आहे. १९५० च्या दशकात डेन्मार्कला अणुशक्तीची स्वप्ने पडत होती, तेव्हा शोधाला आरंभ झाला. १९५७ साली स्वतः नील्स बोर नार्साकला जाऊन आले. पुढे डोंगरात बोगदा खणून खनिज डेन्मार्कमधील रिसो येथील संशोधन केंद्रात नेण्यात आले. मात्र १९८५ मध्ये डेन्मार्कने अणुवीज आपल्या योजनेतून वगळली, १९८८ मध्ये युरेनियमला पूर्ण मज्जाव करणारे धोरण ठरले आणि डोंगर पुन्हा शांत झाला. वसाहतीच्या काळापासून हेच चालत आले होते: गरज कोपनहेगनची, निर्णय कोपनहेगनचा, आणि डोंगर मात्र इनुइट लोकांचा.

२००७ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थची ग्रीनलँड मिनरल्स ही कंपनी तेथे उतरली. (आता तिने ‘एनर्जी ट्रान्झिशन मिनरल्स’ असे हरित नाव धारण केले आहे. नाव बदलण्याच्या या कलेत भांडवलशाहीचा हात कोणी धरू शकणार नाही.) २०१६ मध्ये शेंगहे या चिनी कंपनीने तिचे साडेबारा टक्के भाग विकत घेतले. सुरुवातीच्या परवान्यात किरणोत्सर्गी मूलद्रव्ये वगळलेली होती, आणि तरीही कंपनी त्याच डोंगरात पैसा ओतीत राहिली. युरेनियमवरील बंदी उठेल या हिशेबाने ती पावले टाकीत होती. २४ ऑक्टोबर २०१३ रोजी ग्रीनलँडच्या संसदेने हा मज्जाव उठविला. ठरावाच्या बाजूने १५ मते पडली, विरुद्ध १४! त्यानंतरच्या काही सरकारांनी प्रकल्पाला उत्तेजन दिले, हे खरे आहे आणि ते लपविण्याचे कारण नाही. ‘तुम्हीच बोलावलेत आणि आता घालविता’ या कंपनीच्या तक्रारीत तेवढा अंश आहे.

परंतु डोंगराखाली राहणाऱ्या लोकांना कोणी विचारले होते? खनिज धुऊन उरणारा किरणोत्सर्गी गाळ गावाच्या वरच्या अंगाला असलेल्या तासेक तळ्यात साठविण्याची योजना होती. खालच्या कुरणांत मेंढ्या चरतात, फ्योर्डमध्ये मासेमारी चालते, आणि शेजारचा कुजाता हा शेतीप्रदेश २०१७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. ‘युरेनियम? नको!’ या अर्थाच्या नावाचीच एक संघटना तेथे उभी राहिली. या वादातच फेब्रुवारी २०२१ मध्ये आघाडी सरकार फुटले. ६ एप्रिल २०२१ च्या निवडणुकीत हा डोंगर हाच मुख्य प्रश्न झाला आणि इनुइट अताकातिगीत या डाव्या पक्षाला ३१ पैकी १२ जागा मिळून तो सर्वांत मोठा पक्ष ठरला. म्यूट एगेडे पंतप्रधान झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात संसदेने कायदा केला: ज्या खनिजात युरेनियमचे प्रमाण दशलक्षात शंभर भागांहून अधिक, त्याचा शोध आणि उत्खनन बंद. कुआनर्सुइटचे खनिज या मर्यादेच्या बरेच वर जाते.

मार्च २०२२ मध्ये कंपनीने ग्रीनलँड व डेन्मार्क या दोन्ही सरकारांविरुद्ध लवादाकडे धाव घेतली. या लढाईचा खर्च बर्फर्ड कॅपिटल ही, दुसऱ्यांच्या खटल्यांत पैसा गुंतवून निकालातील वाटा घेणारी कंपनी उचलते. कंपनीचे म्हणणे असे की, ज्याने साठा शोधून सिद्ध केला त्याला उत्खननाचा परवाना मिळण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. तो द्या, नाहीतर खाणीतून पुढे मिळाला असता त्या नफ्याची किंमत द्या. या दुसऱ्या मागणीकडे नीट पाहिले पाहिजे. शोधासाठी झालेला खर्च ही एक गोष्ट. ती मोजता येते आणि तिच्यावर बोलताही येते. पण जो नफा कधी झालाच नाही त्याला मालमत्ता समजायचे, आणि मतदारांनी नकार दिला म्हणून ती मालमत्ता लुटली गेली असे म्हणायचे, याचा परिणाम एकच होतो: शोधाचा परवाना देणारे सरकार पुढच्या सर्व निवडणुकांचे निकाल त्याच दिवशी गहाण टाकते. कुळाला जमीन पाहू दिली म्हणून सातबारा त्याच्या नावे झाला, असे कोणत्याही तलाठ्याने आजवर मानलेले नाही.

इतरत्र काय घडले? कॅनडातील क्वेबेक प्रांतात स्ट्रॅटेको कंपनीला क्री आदिवासींच्या विरोधामुळे युरेनियमच्या भूमिगत शोधाची परवानगी नाकारण्यात आली. तिने सुमारे १९ कोटी डॉलरचा दावा लावला. प्रांताच्याच न्यायालयाने तो २०१७ मध्ये फेटाळला आणि अपील न्यायालयानेही २०२० मध्ये तोच निर्णय कायम केला. उलट मंगोलियाने खान रिसोर्सेस या कंपनीचे युरेनियमचे परवाने रद्द केले, तेव्हा आंतरराष्ट्रीय लवादाने २०१५ मध्ये तिला सुमारे १० कोटी डॉलर देवविले. पुढे ७ कोटींवर तडजोड झाली. दोन्ही प्रकरणांतील परवाने व कारणे सारखी नव्हती, हे मान्य. तरी देशाच्या न्यायालयापुढे लोकमताला स्थान मिळते आणि लवादापुढे करारातील कलमांना, हा भेद नजरेआड करता येत नाही. महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. ऑगस्ट १९९५ मध्ये राज्य सरकारने दाभोळचा करार रद्द केला तेव्हा एन्रॉनची कंपनी लंडनच्या लवादाकडेच गेली होती, आणि पुढच्याच वर्षी त्याच प्रकल्पाचा नवा करार झाला.

खाण सरकारी मालकीची झाली म्हणजे प्रश्न सुटतो, असेही समजू नये. मेघालयात खासी गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे ज्या युरेनियम खाणीला विरोध केला, ती भारत सरकारच्याच कंपनीची होती.

आणि नार्साकमध्ये सगळे एका मताचे आहेत असेही नाही. तेथील कोळंबीचा कारखाना २०१० च्या सुमारास बंद पडला, कामे गेली, तरुण राजधानी नूकची वाट धरू लागले. खाणीच्या बाजूने बोलणाऱ्यांत लोभी माणसे होती तशी बेकारही होती. ग्रीनलँडच्या सरकारी खर्चाचा सुमारे निम्मा भाग डेन्मार्कच्या अनुदानातून येतो. ते बंद करून स्वतंत्र व्हावयाचे तर पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न खाणवाल्यांनी उभा केला आणि तो खोटा नव्हता. इनुइट अताकातिगीतनेही सरसकट सर्व खाणींना विरोध केलेला नाही, युरेनियमला केला आहे. नकाराचा कायदा १२ विरुद्ध ९ मतांनी एका दिवसात झाला. मेंढ्या, मासे आणि पर्यटक यांवर तेराशे माणसांचे गाव उभे करावयास त्याहून पुष्कळ वर्षे लागतील, आणि ती वर्षे त्या गावाला मिळावीत की नाही, हे लवादाच्या मेजावर ठरता कामा नये.