गोल्फचे मैदान आणि आमचा कॅमेरा



आजचा विषय वाचून आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आले असेल की, गोल्फ हा श्रीमंतांचा खेळ, कॅमेरा हे हौशी माणसाचे खेळणे, आणि या दोहोंची मोट बांधून हे गृहस्थ आपला तासभर घेणार! शंका रास्त आहे. पण मैदानावर कोणता कॅमेरा न्यावा हा प्रश्न वरवर पाहता सामानाचा असला, तरी मुळाशी तो सभ्यतेचा आहे, असे आमचे मत झाले आहे. ते कसे झाले, हे सांगण्यासाठी प्रथम आमचा एक अपराध कबूल केला पाहिजे.

काही वर्षांपूर्वी आपल्याच देशात एक व्यावसायिक स्पर्धा पाहायला आम्ही गेलो होतो. प्रेक्षकांच्या कॅमेऱ्याला तिथे मज्जाव नव्हता. एक तरुण खेळाडू ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, सात-आठ फुटांवरून चेंडू ढकलण्याच्या तयारीत होता. सगळे चिडीचूप. त्याने काठी मागे नेली आणि त्याच क्षणी आमच्या जुन्या आरशाच्या कॅमेऱ्याने 'खटॅक' केले. तो थांबला. आमच्याकडे त्याने नुसते पाहिले. बोलला काहीच नाही. पुन्हा उभा राहिला, पुन्हा काठी नेली, आणि चेंडू भोकाच्या कडेवरून निघून गेला. त्या संध्याकाळी पुढच्या दोन दिवसांसाठी खेळाडू निवडले गेले, त्यात तो एका फटक्याने राहिला. अशा स्पर्धेत जो मागे राहतो तो बहुधा रिकाम्या हातांनी घरी जातो. तो फटका आमच्यामुळे हुकला की नाही, हे देवच जाणे. पण छायाचित्र मात्र उत्तम आले होते, आणि ते आम्ही आजवर कोणाला दाखवलेले नाही.

एवढ्याशा आवाजाने काय होते, असे कोणी म्हणेल. 2002 साली कॅलिफोर्नियातील एका सामन्यात खेळाडू ऐन फटका मारीत असताना कोणाच्या कॅमेऱ्याचा आवाज झाला. तेव्हा खेळाडूच्या कॅडीने तो कॅमेरा हिसकावून तळ्यात फेकून दिला. किंमत सुमारे 7000 डॉलर! आम्ही त्या रागाचे समर्थन करीत नाही. पण तो कळतो. क्रिकेटमध्ये हजारो लोक ओरडत असतात, त्यामुळे एखादा आवाज वेगळा उठत नाही. गोल्फमध्ये शांतता असते, म्हणून एक आवाजही काट्यासारखा टोचतो. याच सभागृहात वक्ता बोलत असता मागच्या रांगेतून कोणी वहाणा करकरवीत निघाला, तर काय होते ते आपण जाणताच.

म्हणून पहिली कसोटी मौनाची. पूर्वी वृत्तपत्रांचे छायाचित्रकारही काठी चेंडूला लागेपर्यंत बोट उचलीत नसत. चित्रे यायची ती फटक्यानंतरची. 2017 साली सोनीचा 'ए नाइन' आला. सेकंदाला 20 चित्रे, आणि आवाज शून्य. तेव्हापासून काठी मागे जातानाची चित्रे मैदानावरच, कोणाला त्रास न देता टिपता येऊ लागली. निकॉनने 2021 च्या 'झेड नाइन'मध्ये तर यांत्रिक शटर ठेवलेच नाही.

पण ज्या-ज्या कॅमेऱ्यावर 'निःशब्द' असे लिहिले आहे तो-तो इथे चालतो, असे मात्र नाही. असे कॅमेरे चित्र एकदम टिपत नाहीत. वरपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचतात. स्वस्त कॅमेऱ्याला या वाचनास सेकंदाचा तिसावा भागही लागतो. मोठ्या खेळाडूच्या काठीचे टोक सेकंदाला सुमारे 51 मीटर वेगाने फिरते. तेवढ्या वेळात ते पावणेदोन मीटर पुढे गेलेले असते. परिणाम असा की, पोलादाची सरळ काठी चित्रात ओल्या वेतासारखी वाकलेली दिसते. महाग कॅमेरे या ओळी फार झपाट्याने वाचतात. 2023 साली जाहीर झालेल्या 'ए नाइन थ्री'ने तर सगळ्या ओळी एकाच क्षणी टिपून हा दोष मुळातच काढून टाकला. आपला कॅमेरा निःशब्द असून काठी वाकवीत असेल, तर फटक्याचा नाद सोडून चेहरा टिपावा. चेहरा वाकत नाही.

दुसरी कसोटी वेगाची. सेकंदाच्या हजाराव्या भागात काठीचे टोक 5 सेंटिमीटर सरकते. चार हजाराव्या भागात सव्वा सेंटिमीटर. तेव्हा जोरदार फटक्याला चार हजारावा भाग बरा. काठी आणि चेंडू यांची भेट मात्र सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढीच टिकते. सेकंदाला 20 चित्रे काढली, तरी नेमका तो क्षण सापडण्याचा संभव शंभरात एक. 120 काढली तरी शंभरात सहा. हजारो रुपये जास्त मोजून शंभरातले पाच क्षण अधिक विकत घ्यायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

तिसरी कसोटी अंतराची. प्रेक्षक दोरीबाहेर असतो. सहा फुटी माणूस 30 मीटरवर उभा असेल, तर 400 मिलिमीटरच्या लेन्सने तो 24 मिलिमीटर उंचीच्या चौकटीत टाळूपासून टाचेपर्यंत जेमतेम बसतो. 200 च्या लेन्सने अर्धी चौकट भरतो. म्हणजे 400 हवीच. पण मोठ्या तोंडाची, वृत्तपत्रवाल्यांची 400 ची लेन्स जवळजवळ 3 किलो भरते. 100 ते 400 अशी बदलती लेन्स तिच्या निम्म्या वजनाची असते. दिवसाच्या स्वच्छ उजेडात तिचे लहान तोंड फारसे अडत नाही.

वजनाचा विचार का, ते आता प्रत्यक्ष स्थळ घेऊन पाहू. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात ऑगस्टा येथे 1934 पासून मास्टर्स स्पर्धा होते. तीही आपल्या मालेसारखी वसंतातली, एप्रिलमधली. मैदान पूर्वी रोपवाटिका होते, म्हणून प्रत्येक होलला एकेका झाडाझुडपाचे नाव आहे. पुण्यात जन्मलेले अनिर्बन लाहिरी 2015 साली इथे खेळले. मैदानाची लांबी साडेसात हजार यार्ड, म्हणजे जवळजवळ 7 किलोमीटर; आणि दूरदर्शनच्या पडद्यावर सपाट दिसणारी ही जमीन चांगलीच चढउताराची आहे. खांद्यावर 3 किलो घेऊन दहाव्या होलचा उतार उतरणाऱ्याला तो परत चढायचा आहे, याची आठवण लवकरच होते.

इथला नियम ऐकण्याजोगा आहे. सोमवार ते बुधवार सरावाचे दिवस. त्या दिवशी प्रेक्षकाला स्वतःपुरती छायाचित्रे काढायला कॅमेरा नेता येतो. गुरुवारी स्पर्धा सुरू झाली की कॅमेरा बंद. मोबाइल तर कोणत्याच दिवशी नाही. घरी बोलायचे असेल तर मैदानावर फुकटचे साधे फोन ठेवलेले आहेत. सरावाची तिकिटे सोडतीने मिळतात, म्हणजे कित्येकांना ती संधी आयुष्यात एकदाच.

त्या एका दिवसासाठी आमची शिदोरी अशी: निःशब्द चालणारा एक कॅमेरा, 100 ते 400 ची एक लेन्स, दोन जादा बॅटऱ्या, एक जादा कार्ड, पावसासाठी प्लास्टिकची पिशवी. तिपाई नको, गर्दीत तिचे पाय दुसऱ्याच्या पायांत येतात. बुधवारी छोट्या होलांची स्पर्धा असते, तीत खेळाडूंची मुलेबाळे पांढरे झगे घालून बापाची काठी उचलतात. त्या दिवशी खिशात एक लहान लेन्स असावी. सोळाव्या होलवर खेळाडू सरावात चेंडू तळ्यावरून भाकरीसारखा टप्पे खात उडवतात. तिथे सेकंदाचा दोन हजारावा भाग पुरतो. कॅमेऱ्याची टिकटिक, लाल दिवा, फ्लॅश, सारे घरूनच बंद करावे. आणि पिशवीची चिकटपट्टी फर्रकन उघडते, ती आधीच उघडी ठेवावी. महाग कॅमेरा विकत घेण्यापेक्षा भाड्याने आणावा, पण आठवडाभर आधी. गल्लीतल्या क्रिकेटवर हात बसवून मगच निघावे.

आणि गुरुवारी? गुरुवारी काही नेऊ नये. कॅमेरा हातात नसतो तेव्हा खेळाडूने काठी मागे नेताना आपलाही श्वास थांबतो, हे आम्हाला फार उशिरा कळले. त्या तरुणाच्या फटक्याच्या वेळी आम्ही तिथे होतो. पण तो फटका आम्ही पाहिला नाही, फक्त टिपला. पुढच्या वेळी आम्ही दोरीशी उभे राहू, तेव्हा आमचा कॅमेरा गप्प असेलच. तेवढ्याने भागणार नाही. काठी मागे जाताना आम्हीही गप्प असलो पाहिजे.