लकवा झालेल्याला खाटेवरून उठवू या



विनयपिटकातील महावग्गात एक आजारी भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला असतो. भगवंत आणि आनंद त्याला आपल्या हातांनी धुतात, खाटेवर निजवितात. हा प्रसंग आपण नेहमी सांगतो. पण तेथेच पुढे रुग्णाने कसे वागावे तेही आले आहे: हितकर तेच करावे, औषध घ्यावे, दुखणे खरे सांगावे. ते मात्र आपण सांगत नाही.

आपल्या वस्तीत लकवा झालेला माणूस इस्पितळातून घरी आला की त्याला खाट मिळते. सून भरविते, मुलगा आंघोळ घालतो. मायेपोटीच हे घडते, पण पडून पडून चांगली बाजूही दुबळी होते. वास्तविक लकव्यात मूळ इजा मेंदूला झालेली असते, हातापायाला नव्हे. एकच हालचाल पुन्हा पुन्हा केल्यास मेंदूचे शाबूत भाग ते काम बरेचसे शिकून घेतात. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते. म्हणूनच प्रकृती स्थिरावताच, डॉक्टरांना विचारून, फिजिओथेरपी सुरू करावी.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट रोजची कामे शिकवितात. सदरा घालताना अधू हात आधी, काढताना शेवटी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना अधू पाय. किती साध्या गोष्टी, पण यांनीच माणूस एकट्याने मोरीपर्यंत जातो. अधू हाताला धरून मात्र रुग्णाला कधी ओढू नये, खांदा निखळतो.

मुंबईत हाजी अली येथे १९५५ पासून केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था आहे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही फिजिओथेरपी मिळते. खरी अडचण रुग्णाला वरचेवर नेण्याची, कारण नेणाऱ्याची रोजंदारी बुडते. आपल्या विद्यार्थ्यांनी आळीपाळीने सोबत जावे, अशी आमची सूचना आहे.

आणखी एक. उजवा हात गेला की घरचे पेन्शनच्या कागदावर लगेच अंगठा उठवितात. आम्हा बँकेतल्या माणसांना ते बघवत नाही. अंगठ्यावरून सहीवर यायला आपल्या समाजाच्या किती पिढ्या गेल्या! डाव्या हाताने सही शिकता येते आणि बँकेतली नमुना सही बदलून घेता येते. तो अर्ज भरून द्यायला आम्ही आहोत.

जय भीम, नमो बुद्धाय.