आमचे मागे चालणारे घड्याळ
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. सातवीपर्यंत शिकलेली, चूल-मूल सांभाळणारी बाई. तेव्हा बोलण्यात चूकभूल झाली तर पोटात घाला.

यंदा मंडळाने विषय मोठा गमतीचा दिला आहे: ‘गतकाळ दाखविणारे जादूचे घड्याळ मिळाले तर?’ माझ्या आधीच्या भगिनींनी फार छान सांगितले. कोणाला १६७४ सालचा रायगडावरचा राज्याभिषेक पाहायचा आहे, तर कोणाला १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात सावित्रीबाईंनी मुलींना शिकवायला सुरुवात केली तो वर्ग. मी मात्र एवढ्या लांब जात नाही. आमच्या घरात भिंतीवर जे घड्याळ आहे, त्याचेच सांगते.

आमचे घड्याळ तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे. लाकडी पेटीचे, लंबकाचे, आठवड्याला चावी द्यायचे. ते एकोणचाळीस मिनिटे मागे असते हेही तुम्हांला ठाऊक आहे, कारण चाळीत त्याची थट्टा होते. मी लग्न होऊन आले तेव्हा मला सांगण्यात आले की, हा आमच्या थोरल्या आजोबांचा, म्हणजे आजेसासूबाईंच्या सासऱ्यांचा, हट्ट. ते जुन्या ‘मुंबई टाईम’चे अभिमानी होते. घरात कोणीही घड्याळ पाहिले की मनात एकोणचाळीस मिळवायचे, अशी आम्हांला सवयच झाली.

हे एकोणचाळीस कुठून आले, ते माझ्या मुलाने मला नकाशा काढून समजाविले. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. आपल्या देशाची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशावरची. मुंबई पडली त्र्याहत्तराच्या जरा अलीकडे, म्हणून इथे सूर्य तेवढा उशिरा माथ्यावर येतो. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली, पण मुंबईच्या लोकांना ती पटली नाही. गिरणीकामगारांनीही विरोध केला. आगगाडी चाले नव्या वेळेवर आणि शहर चाले आपल्या जुन्या वेळेवर. असे थेट १९५५ सालापर्यंत होते म्हणे!

तर झाले काय, गेल्या दिवाळीच्या साफसफाईत मी घड्याळ उतरविले, पुसले, आणि मनात म्हटले, आता थोरले आजोबा नाहीत, हट्ट कोणासाठी ठेवायचा? काटा पुढे केला, मध्ये टोले पडू दिले आणि वेळ बरोबर लावून टाकली. मला वाटले, सगळे शाबासकी देतील.

आमच्या आजी, म्हणजे आजेसासूबाई, नव्वदीला टेकल्या आहेत. त्यांनी घड्याळाकडे पाहिले आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. जेवणही नुसते चिवडीत. तिसऱ्या दिवशी मीच जवळ बसले. म्हटले, “आजी, माझं काही चुकलं का?” तर म्हणाल्या, “ते होतं तसं करून दे गं.”

आता टोल्यांच्या घड्याळाचा काटा उलटा फिरवू नये, यंत्र बिघडते. मागे आणायचे तर लंबक धरून थांबवावा लागतो आणि तेवढा वेळ जाऊ द्यावा लागतो. मी लंबक थांबविला आणि आम्ही दोघी त्या मुक्या घड्याळापुढे एकोणचाळीस मिनिटे बसलो. तेवढ्या वेळात आजींनी जे सांगितले, ते सत्तर वर्षांत कोणाला सांगितले नव्हते. आज त्यांच्या परवानगीने सांगते.

साल १९५४. आजी तेव्हा सतरा-अठरा वर्षांच्या, नव्या सूनबाई. त्यांचे वडील गावाहून काही कामासाठी मुंबईला आले होते. सकाळी उभ्या उभ्या लेकीला भेटून गेले आणि म्हणाले, “रात्री पावणेनऊची गाडी आहे. जमलं तर बोरीबंदरला ये.” आजींनी दिवसभराचे काम उरकले, दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली. याच घड्याळात साडेसात वाजलेले पाहून धाकट्या दिराला बरोबर घेतले आणि ट्राममध्ये बसल्या. हिशेब असा, की आठ-सव्वाआठला पोहोचू, अर्धा तास तरी बोलायला मिळेल.

पोहोचल्या तर फलाट रिकामा. स्टेशनच्या घड्याळात पावणेनऊ वाजून चार मिनिटे झाली होती.

रेल्वेची वेळ निराळी असते हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. सगळ्यांना ठाऊक, म्हणूनच नव्या सुनेला कोणी सांगितले नाही! दशम्यांचा डबा तसाच घेऊन त्या ट्रामने परत आल्या. वडील गाडीच्या दारात शेवटपर्यंत उभे होते, असे मागाहून गावच्या माणसाकडून कळले. त्याच पावसाळ्यात ते वारले. पुन्हा भेट नाही.

पुढल्या वर्षी मुंबईची वेळ बदलली. थोरले आजोबा स्टूल घेऊन काटा पुढे करायला उभे राहिले. ज्या सुनेने सासऱ्यांपुढे कधी तोंड उघडले नव्हते, ती म्हणाली, “मामंजी, राहू द्या ना तसंच.” त्यांनी तिच्याकडे पाहिले, कारण विचारले नाही, आणि खाली उतरले. कोणी विचारले तर म्हणत, माझा हट्ट आहे. मरेपर्यंत त्यांनी तो आपल्या नावावर ठेवला.

आजी मला म्हणाल्या, “सगळ्यांच्या घड्याळात पावणेनऊ होतात ना, तेव्हा आपल्या घड्याळात आठ वाजून सहा मिनिटं झालेली असतात. मला वाटतं, अजून वेळ आहे. बाबा अजून फलाटावर आहेत.”

भगिनींनो, मी पंचवीस वर्षे त्या घड्याळाला चावी देत होते, आणि रोज त्या वेळेला आजी पाटावर बसून कुठे बघतात, हे मला कधी दिसले नाही. लंबक सोडला तेव्हा आम्हां दोघींचेही डोळे भरले होते. त्या रात्री मी गावी आईला फोन केला. उद्या करू, उद्या करू म्हणत आठ दिवस राहून गेला होता.

मला जादूचे घड्याळ नको. माझी मंडळाला एकच विनंती आहे. आपल्या चाळीत अजून पाच-सहा म्हाताऱ्या बायका आहेत. दर शनिवारी दोघीजणींनी एकीकडे जाऊन बसावे, त्या सांगतील ते वहीत उतरून घ्यावे. घाई करू नये. एकोणचाळीस मिनिटे तरी बसावे.

आजी आज जिना उतरून येऊ शकल्या नाहीत, पण त्यांनी तुम्हां सर्वांना आशीर्वाद सांगितला आहे. एवढे बोलून मी आपली रजा घेते.